नाथाजीला बसू देऊ नका

पहिली फेरी

"बसू देऊ नकोस! जैनुद्दीन, त्याला बसू देऊ नकोस!"

विजयमालाबाई ओसरीवरून ओरडल्या तेव्हा नाथाजीचे गुडघे मोडलेच होते. जैनुद्दीननं त्याच्या बगलेत खांदा घातला, गालावर एक सणसणीत चापट दिली आणि त्याला पुन्हा अंगणात ओढत चालवलं.

"चल रं फौजी! लेफ्ट-राईट! पेन्शन काय फुकट मिळती व्हय?"

नाथाजीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. श्वास मध्येच थांबायचा. बाईंनी लढाईच्या इस्पितळात असे डोळे पुष्कळ पाहिले होते. अफू. झोपला की संपला.

आष्ट्याच्या शिवारातलं हे घर अफू सोडायला आलेल्या माणसांचं. डॉक्टर साताऱ्याला गेलेले. मागं परिचारिका विजयमालाबाई आणि स्वयंपाकी जैनुद्दीन. जैनुद्दीन स्वतः इथंच अफू सोडून मग चुलीपाशी राहिलेला. नाथाजी फौजेतून पायाची जखम आणि अफूची सवय घेऊन आला होता. दोन महिने त्यानं अफूला बोट लावलं नव्हतं. आज उजाडताना तो अंथरुणात निळा पडलेला सापडला.

फाटकातून लालासाहेब फौजदार आले. त्यांना बोलावून आणणारा मागोमाग. नाथाजीचा थोरला भाऊ केरबा, कडेगावकडचा शेतकरी. काल भावाला भेटून तो आष्ट्यात पाहुण्यांकडे मुक्कामाला राहिला होता. अंगरखा चुरगळलेला, दाढी वाढलेली. डोक्याला पटका तेवढा चापूनचोपून बांधलेला, तुरा ताठ.

"ह्योच त्यो," केरबानं जैनुद्दीनकडं बोट केलं. "जुना अफूबाज. सायेब, बेड्या घाला."

फौजदारांनी बेड्या काढल्या.

"घाला," बाई म्हणाल्या. "मग नाथाजीला तुम्ही चालवा."

फौजदार घुटमळले. "फिरू दे. थांबला की घालतो."

जैनुद्दीननं ऐकलं. तो थांबला नाही.

चालता चालता

"रात्री ह्याला काय दिलंस?" फौजदारांनी जैनुद्दीनच्या बाजूनं चालत विचारलं.

"ताक दिलं. सगळ्यांना एकाच गाडग्यातलं."

"आणखी?"

"काय न्हाई. नाथा, डोळं उघड!"

"येणाऱ्याची झडती कोण घेतं?"

"मीच."

"केरबाची घेतलीस?"

"घेतली. पिशवी उलटी केली. वहाणा झटकल्या. कनवट सोडाय लावली. भाकरीसुदिक मोडून बघितली."

"सापडलं काय?"

"ठेचा."

फौजदार हसले नाहीत. "म्हणजे बाहेरून काही आलं नाही. आत अफू ओळखणारा एकटा तू."

"ओळखतू म्हणूनच चालवतूय ह्याला, सायेब."

ओसरीतल्या रोग्यांपैकी कुणीतरी हुंदका दिला. जैनुद्दीन गेला तर आपण कुणाच्या तोंडाकडं बघून राहायचं, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

खोली

नाथाजीच्या उशाशी तांब्या. तळाशी चहासारखं तांबूस पाणी. फौजदारांनी वास घेतला आणि नाक मुरडलं. "कडू काढा. स्वयंपाक्याचंच काम."

"तांब्या रोग्याचा असतो. तो स्वतः भरतो," बाई म्हणाल्या. त्यांची नजर खुंटीवर होती. तिथं पटका होता. सैल, दोन पिळांचा, नांगर धरणारा माणूस घाईत गुंडाळतो तसा. त्याचा शेमला, पाठीवर सोडायचं टोक, ओला होता. बाकी पटका कोरडा.

बाहेर येऊन बाईंनी केरबाला विचारलं, "काल तुमचं काय बोलणं झालं?"

"भांडान मिटवलं. पाच वरसं बोलत नव्हतो."

"कशावरून?"

"भावाभावाचं, बाई. पुढल्या बाजारच्या दिशी गावात अर्जुनाच्या आठवणीचा दगड बसवायचा हाय. बेचाळीसनंतर पोलिसांनी उसात घेरून गोळी घातली, त्यो अर्जुना. मीच म्होरक्या हाय त्यात. म्हटलं, सख्खा भाऊ तिथं पायजे."

"नाथाजीही म्हणत होता, त्या दिवशी मला बोलायचंय म्हणून."

केरबानं अंगणाकडं पाहिलं. "अफूबाजाचं कोण ऐकतंय, बाई?"

थांबा

फिरणाऱ्यांनी नाही, वाचणाऱ्यांनी. बाईंना दिसलं ते सगळं तुम्हालाही दिसलं आहे. ठरवा. मग पुढं या.

शेवटची फेरी

बाईंनी एका भांड्यात कोमट पाणी घेतलं. खुंटीवरचा पटका बाहेर आणून त्याचा शेमला त्यात बुडवून पिळला. पाणी चहाच्या रंगाचं झालं.

"घ्या केरबा. दोन घोट प्या."

"मला तहान न्हाई."

"ओठ तरी लावा. पटका तुमचाच आहे."

"माझा? माझा तर ह्यो..." केरबाचा हात डोक्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"फौजदारसाहेब, त्यांच्या डोक्यावरचा पटका बघा. फौजी बांधणी. एक सुरकुती नाही. नाथाजीशिवाय इथं असा कुणी बांधत नाही. खुंटीवरचा सैल पटका केरबांचा. काल दोघांनी भांडण मिटलं म्हणून पटके बदलले, होते तसे एकमेकांच्या डोक्यावर ठेवले. जैनुद्दीननं भाकरी मोडली, पण पाहुण्याच्या पटक्याला हात लावला नाही. कुणीच लावत नाही. पुरुषाच्या डोक्याला हात घालणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. केरबांना हे ठाऊक होतं. शेमला अफूच्या पाण्यात भिजवून वाळवलेला होता."

"पण भावाला मारायचं कशाला?" फौजदार म्हणाले.

"मारायचं न्हवतं!" केरबा किंचाळला. "त्याला म्हटलं, लय तगमग झाली तर टोक भिजव. रोज घ्यायचा तेवढीच घातली व्हती! पयल्यासारखी लागावी, एवढंच."

जैनुद्दीननं नाथाजीला पुढच्या फेरीला ओढलं.

"रोज घेणारा नाथाजी राहिलाच नव्हता," बाई सावकाश म्हणाल्या. "दोन महिने सोडलेल्या अंगाला जुनं माप झेपत नाही. ते विष होतं. आमच्या घरात हे प्रत्येक रोग्याला ठाऊक आहे. जैनुद्दीनला तर नक्कीच. त्यानं दिली असती, तर तेवढी दिली नसती. जुनं माप बाहेरच्यानंच घातलं."

"पण नाथाजीला अफू पुन्हा लागून केरबाला काय मिळणार होतं?" फौजदारांनी विचारलं.

"नाथाजीच्या शब्दाची किंमत जाणार होती. दगड बसवायच्या दिवशी तो जे बोलणार होता, ते कुणी खरं मानलं नसतं. अफूबाजाचं कोण ऐकतंय? आत्ताच म्हणाले ते. अर्जुना उसात लपलाय, हे पोलिसांना कुणी सांगितलं, केरबा?"

केरबानं डोक्यावरचा पटका दोन्ही हातांनी काढला. कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. फौजदारांनी तो घेतला आणि रिकाम्या झालेल्या हातांत बेड्या घातल्या.

"जैनुद्दीन," ते म्हणाले, "आता थांबलास तरी चालेल."

"मला चालंल, सायेब. ह्याला न्हाई."

तो आणखी फिरला. ऊन ओसरीच्या पायरीशी आलं तेव्हा नाथाजीचा श्वास एकसारखा झाला होता. त्यानं मान उचलली. बेड्यांतल्या भावाकडं बघितलं, मग खाकी कपड्यांकडं.

"सायेब, मी रजेवर आलो व्हतो तवा... अर्जुनाची खबर कुणी दिली, ते मी बघितलंया. माझं कुणी ऐकून घेतलं न्हाई."

"शुद्धीत आहेस का?" फौजदारांनी विचारलं.

नाथाजीनं जैनुद्दीनच्या खांद्यावरचा हात काढला. डुलला. पण उभा राहिला.

"आता हाय."

लालासाहेब फौजदार पायरीवर बसले. "सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. मी ऐकतोय."