छताला पोट आलं!

"ढब्बू, वर बघ! छताला पोट आलंय!" टिकली किंचाळली.

तिच्या चुलतभावाने, ढब्बूने, मान वर केली आणि त्याचा पत्त्यांचा बंगला कोसळला. आजोबांच्या पलंगावर, बरोब्बर त्यांच्या उशीच्या वर, छत फुगून खाली आलं होतं. कालच काकांनी तिथल्या पिवळ्या डागावर चकचकीत ऑइलपेंट फासून "डाग गायब, कटकट गायब!" म्हणत स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. आता त्या रंगाने आतलं पाणी पिशवीसारखं धरून ठेवलं होतं. पंख्याच्या दांडीवरून थेंब ओघळत होते.

आजोबा पलंगावरच पडून, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये, आणि घरात दुसरं मोठं कुणीच नाही! टिकलीने काकांना फोन लावला.

"काका, छत पडणार आहे!"

"सुट्टी लागली की तुमच्या अंगात येतं! रंगाला हात लावू नका, ओला आहे!"

फोन बंद.

"ढब्बू, मेन स्विच पाड! वरच्या मजल्यावरच्या मावशींचं वॉशिंग मशीन घुरघुरलं की थेंब वाढतात. पळ, ते बंद करायला सांग!"

ढब्बू धापा टाकत परतला. "मावशींनी मशीन बंद केलं! त्याचा पाइप मोरीच्या जाळीबाहेर पडलाय! सगळं पाणी फुटक्या फरशीत मुरलंय!"

कर्रर्र! छताला भेग गेली. दोघांनी पलंग ओढला, पण तो जागचा हलेना. टिकलीला रडूच फुटलं.

"पोरांनो, तुम्ही बाहेर व्हा," आजोबा म्हणाले. "माझं राहू द्या."

"मुळीच नाही!"

तिने मोरीतली साबणाच्या पाण्याची बादली पलंगाच्या पायांशी ओतली. "ओढ, ढब्बू! जीव खाऊन ओढ!"

पलंग सर्रकन दारापर्यंत घसरला, आजोबांची उशी मागेच पडली, ढब्बू दाणकन आपटला आणि मागे धडाड! खोली धुळीने भरली.

काका आले तेव्हा छताचा मोठा तुकडा जमिनीवर पडला होता. त्यांनी तो उचलला. खाली आजोबांची उशी होती, चिंध्या झालेली.

"सकाळपासून फुगवटा दिसत होता मला," आजोबा हळूच म्हणाले. "पण तू एवढ्या हौसेने रंगवलंस. म्हटलं, कशाला पोराचा हिरमोड करा?"

काकांनी दोन्ही पोरांना घट्ट जवळ घेतलं. "शाब्बास रे! यापुढे तुमची हाक आली की मी आधी वर बघेन."

"आधी दुसरी उशी आण," आजोबा म्हणाले.