डाव्या हाताची मूठ

“पोरगी गुणाची हाय भावजी, पण घरात एक माणूस वाढलंय असं काय वाटत नाय बघा. आन् त्यात डावरी.”

ठकूबाई ओटीवर बसून आपल्या दिराला, रावजीकाकांना, हे सांगत होत्या आणि त्यांची नवी सून शालन आत मोरीपाशी राखेनं समया घासत होती. मधे नुसता कुडाचा आडोसा. शब्दन् शब्द ऐकू आला. एखादी समई जोरात आदळावी, म्हणजे माणूस वाढलंय हे कळेल तरी, असं तिच्या मनात आलं. पण हाताची सवय. समई तिनं अलगदच खाली ठेवली.

वैशाखात लग्न झालं आणि हळदीचा पिवळेपणा जायच्या आत नवरा मुंबईला छापखान्यात परत गेला. शालन कुडपणची. तिथं पठारावर घराला घर दिसत नाही, पण धुक्यातून हाक मारली तर कुणीतरी ओ देतं. महाडात घराला घर चिकटलेलं, आणि ओ देणारं कुणी नाही. सासूबाई बोलत नव्हत्या असं नाही. तांदूळ काढायला शालनचा डावा हात डब्यात गेला की मागून आवाज यायचा, “परत ठेव. उजव्या हातानं घे.” ती परत ठेवायची, उजव्या हातानं घ्यायची. दोघींचं दिवसातलं बोलणं बहुतेक तेवढंच.

नव्या जोडप्याला म्हणून घरातली मागची भाताची खोली रिकामी करून दिली होती. जोडप्यातली एकटीच तिथं झोपत होती. त्या खोलीची मागची भिंत पलीकडच्या आळीतल्या एका घराला लागून होती. त्या घराचं तोंड तिकडे. शालननं ते कधी पाहिलं नव्हतं, पण रात्री दिवा मालवला की भिंतीतून एका म्हाताऱ्याचा आवाज यायचा. एकच प्रश्न विचारणारा. मग गप्प. मग पुन्हा तेच. कुणी मास्तर शिकवणी घेत असावेत, असं तिनं ठरवून टाकलं. विद्यार्थी मात्र अगदीच ठोंब्या असणार, इतक्या दिवसांत एकदाही उत्तर नाही. पण तिला त्या आवाजाची सोबत वाटायला लागली होती. काल रात्री म्हाताऱ्यानं एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी आषाढातली अवस होती, दिव्याची. घासलेल्या समया, निरांजनं पाटावर मांडून झाली, कणकेचे गोड दिवे खाऊन झाले आणि वीज गेली. उद्याच्या भाकऱ्यांचं तांदळाचं पीठ शालननं चाळून परातीत सारखं केलं, वर फडकं टाकलं आणि ती दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली. सासऱ्यांच्या मानाची माणसं ओटीवर असताना सुनेनं तिथं बसायचं नसतं. चौकटीत उभं राहायला हरकत नव्हती.

“काका, सांगा ना भुताची,” नणंद चंद्रा म्हणाली.

“पण खरी हवी,” धाकटा दीर मालोजी म्हणाला. तो कॉलेजात जात होता आणि आपण भीत नाही हे त्याला सगळ्यांना सांगायचं होतं.

रावजीकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांनी आधी पानाला चुना लावला.

“भुताची बिताची मला ठाऊक नाय. सोनबाचं झालं ते सांगतो. सोनबा डेपोतला हमाल. खोटं बोलायला अक्कल लागते, ती त्याच्याकडं नव्हती.” पान तोंडात गेलं. “आपल्या मागच्या आळीत दोघं भाऊ राहायचे. बुनाजी आन् एलोजी दासगावकर. इस्रायली, म्हंजे आपल्या कोकणातले ज्यू.”

“शनवार तेली?”

“घाणा त्यांच्या आजाचा रे. शनवारी बंद ठेवायचे म्हणून लोक तसं म्हणायचे. बुनाजी दवाखान्यात कंपाउंडर होता. आख्ख्या महाडानं त्याच्या हातचं लाल औषध प्यायलंय. त्यांच्यातली सगळी माणसं हळूहळू इस्रायलला गेली. हे दोघं राहिले. एकाची बायको लवकर गेली, दुसऱ्यानं केलीच नाय. त्यांचा एक नेम होता. रोज दिवेलागणीला दोन पाट समोरासमोर टाकायचे आन् देवळातल्या अर्पणाचं शास्त्र वाचायचं.”

“कुठल्या देवळातल्या?” चंद्रानं विचारलं.

“तीच तर गंमत. त्यांचं देऊळ यरुशलेमला. ते पडून दोन हजार वर्षं झाली. देऊळ नाय, वेदी नाय, बोकड नाय, आन् हे दोघं तावातावानं भांडतायत, की पिठाची मूठ घेताना त्यात खडा आला तर चालतो का नाय!”

मालोजी हसला.

“मीबी हसलो होतो. तेव्हा बुनाजीनं समजावलं. त्या देवळात सकाळ-संध्याकाळ रोजचं अर्पण असायचं. एक दिवस खंड नाय. देऊळ गेलं, मग ते कसं करायचे ते रोज वाचायचं. जो वाचतो त्यानं अर्पण केलंच असं धरायचं. म्हणून खंड नाय. आन् एकट्यानं नाय वाचायचं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की पुढं.”

काकांनी हात पुढे केला आणि समईच्या उजेडात मूठ करून दाखवली. मधली तीन बोटं तळव्याशी मिटलेली, अंगठा आणि करंगळी बाहेर. “भटजीनं अशी मूठ घ्यायची. तीन बोटांत मावेल तेवढंच पीठ. अंगठ्यानं आन् करंगळीनं कडा साफ करायच्या. कमी नको, जास्त नको. दोघं परातीत भाकरीचं पीठ घेऊन करून बघायचे. मग त्याच पिठाच्या भाकऱ्या. आणिक एक कायदा होता. हात इथं आन् मन दुसऱ्या ठिकाणी असलं, तर सगळं बाद.”

शालननं मनातल्या मनात आपल्या तीन महिन्यांच्या भाकऱ्या आठवल्या. सगळ्या बाद.

“एके दिवशी बुनाजीनं विचारलं, ‘डाव्या हातानं घेतली तर?’ एलोजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं... आन् मान खाली टाकली. तिथंच. पाटावर.”

चौकटीवर टेकलेला शालनचा हात खाली आला. कुणाचं लक्ष नव्हतं.

“मग?”

“मग काय. बुनाजी त्याच्या पुढं सरकलाच नाय. रोज दोन पाट टाकायचे. रोज तेच विचारायचं. थांबायचं. मी म्हटलं, अरे मामा, पुस्तकात असंल की उत्तर. तर म्हणाला, ‘दोघांची दोन मतं आहेत, रावजी. एक म्हणतो, गेलं, बाद झालं. ते माझ्या वाटणीचं. दुसरं एलोजीच्या वाटणीचं. मीच विचारून मीच सांगितलं, तर ते अर्पण कसलं?’”

“दुसरं मत काय होतं?”

“मला नाय ठाऊक. विचारायला हवं होतं.” काकांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. “एकोणऐंशी साल. पिठोरी अवस. बुधवार. बुनाजीला कुणी सांगितलं, खेडला तुमच्यातला एक म्हातारा हाय. हा सकाळच्या गाडीनं निघाला. त्याला म्हणणार होता, बाबा, माझ्याकडं येऊन राहा. खाणंपिणं माझं. फक्त संध्याकाळी समोर बस आन् उत्तर दे. जाताना सोनबाला किल्ली दिली. म्हणाला, ‘दिवेलागणीला दिवा लाव, परातीत पीठ पसरून ठेव, पाट टाक. मी आलो की लगेच बसतो. खंड पडता कामा नये.’”

“मिळाला तो म्हातारा?”

“तो गेल्या हिवाळ्यातच इस्रायलला गेलेला. बुनाजी संध्याकाळच्या गाडीत बसला, आन् कशेडीत दरड आली. पुढं ट्रक, मागं ट्रक. गाडी घाटातच.”

वारा आला. पाटावरची दोन निरांजनं विझली. ती परत लावायला कुणी उठलं नाही.

“सोनबाला हे काय ठाऊक? त्यानं कुलूप काढलं. दिवा लावला. पीठ पसरलं, हातानं सारखं केलं. दोन पाट टाकले. पाऊस मरणाचा. म्हातारा येईस्तोवर बसू म्हणून उंबऱ्याशी बसला. बिडी काढली. आळीत चिटपाखरू नाय. बिडी अर्धी झाली.”

“आन्?”

“आतनं आवाज आला. ‘डाव्या हातानं घेतली तर?’”

चंद्रा आईला चिकटली.

“सोनबाला वाटलं, मागच्या दारानं आला म्हातारा. बिडी विझवली. आत गेला. दिवा होता. पीठ होतं. दोन पाट. दोन्ही रिकामे. मागच्या दाराला आतून कडी.”

काकांचा आवाज खाली आला.

“सोनबा उभा. पाऊस ऐकू येईना झालेला. दिव्याची ज्योत हलत नाय. मग परत. पाटावरनं. इथनं तू बसलीस ना, तेवढ्यावरनं... ‘डाव्या हातानं घेतली तर?’”

...

“मग गप्प. उत्तराला लागतो तेवढा वेळ.”

...

“परत.”

...

“सोनबा मला म्हणाला, ‘रावजी, आवाज भयाचा नव्हता रे. कुणी नाय म्हणून विचारणाऱ्याचा होता. तोंडावर आलं होतं की कायतरी बोलावं.’ पण त्यानं दात दाबून धरले. दार उघडं टाकून पळाला तो थेट डेपोत. माझ्या पुढ्यात येऊन बसला.”

“आणि बुनाजी?” मालोजीनं विचारलं. आवाज जरा बारीक निघाला त्याचा.

“पहाटे रस्ता मोकळा झाला. गाडी आली. मी स्वतः उतरवला त्याला. खिडकीशी बसलेला. थंडगार. कंडक्टर म्हणाला, दिवस बुडाल्यावर म्हातारा काचेकडं तोंड करून काहीतरी विचारत होता, थांबत होता, विचारत होता. मग थांबला तो थांबलाच. आम्ही त्याला घरी नेला. दिवा जळत होता. पीठ सोनबानं सारखं केलं होतं तसंच. एक बोट लागलेलं नाय.”

लांब डेपोकडे एक गाडी सुरू होऊन बंद पडली.

“नातेवाइकांना कळवून कळवून थकलो. घराला कुलूप ते हायेच. पाच वर्षं.” काकांनी पिंक टाकली. “पोरांनो, एक ध्यानात ठेवा. असा आवाज कधी कानावर आला तर ओ द्यायची नाय. सोनबा वाचला तो गप राहिला म्हणून. एकदा उत्तर दिलं, की ते माणूस आपल्याला समोरच्या पाटावर धरतं. मग रोज यायचं. खंड नाय.”

“काका, कुठलं घर ते नक्की?”

“आपल्या पाठीला लागून हाय. भाताच्या खोलीपलीकडं.”

चंद्रा ओरडली. ठकूबाईंनी दिराला दटावलं, “काय हो भावजी, नव्या पोरीला तिथं झोपायचंय!” आणि मग त्यांना आठवलं, की नवी पोर तिथंच उभी आहे. त्यांनी चौकटीकडे पाहिलं. चौकट रिकामी होती.

शालन स्वयंपाकघरात होती. एक समई तिनं चुलीशी ठेवली. दोन्ही मांजरं ओटीवर होती, खिडकी बंद होती. परातीवरचं फडकं तिनं टाकलं होतं तसंच होतं, चारी कडा खाली दुमडलेल्या. तिनं ते काढलं.

सपाट पिठाच्या मधोमध एक खड्डा होता. तीन बोटांचा. कडा साफ केलेल्या. एका बाजूला अंगठ्याचा ठसा, दुसऱ्या बाजूला करंगळीचा.

तिनं आपला डावा हात त्यावर धरला. अंगठा करंगळीवर आला. मग उजवा धरला. बोटं बरोबर बसली, फक्त तो खड्डा तिच्या हाताहून मोठा होता. पुरुषाच्या हाताचा. सावकाश, निगुतीनं घेतलेली मूठ.

खड्ड्यातलं पीठ कुठंच सांडलेलं नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचं बोलणं कुणी ऐकून त्याप्रमाणे केलं होतं.

तिनं परात उचलली. ओटीवर अजून कुजबुज चालली होती. ती चौकटीपाशी थांबली नाही. उंबरा ओलांडून ती सरळ ओटीवर आली आणि परात समईच्या उजेडात, रावजीकाकांच्या पुढ्यात ठेवली. सगळे वाकले. मालोजी मागे सरकला. काकांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा आपल्या मिटलेल्या तीन बोटांकडे. त्यांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

“कुणी केलं गो हे?” ठकूबाईंनी विचारलं.

शालननं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती रावजीकाकांकडे वळली. आवाज ओटीच्या टोकापर्यंत नीट पोचेल इतका मोठा काढला.

“मामंजी, ते मला रोज विचारत होते. काल मी सांगितलं. म्हटलं, परत ठेवा, उजव्या हातानं घ्या.”