मुरबाडचं तिसरं बटण

मुरबाडचा फोन खरं तर ऑफिसातल्या कारकुनाने, मंगळूने उचलायचा होता. पण मंगळू त्या दिवशी बहिणीच्या हळदीला गेला, आणि गोडाउनमधला अनंता पेन शोधायला ऑफिसात शिरला, तेवढ्यात घंटी वाजली. एवढंच निमित्त.

"हॅलो, शहापूर बोलतेय. तुमच्यासमोर नवीन खोकं आहे ना?"

"आहे की. हार घातलाय, कुंकू लावलंय, नारळ पण फोडलाय. आता काय, सत्यनारायण घालू?"

देवकीला हसायचं नव्हतं. पण हसू फुटलं… आणि एकदा फुटलं ते आवरेना.

साल शहाण्णव. शहापूरच्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत कपाटाएवढा कॉम्प्युटर आला होता. त्याची खोली एवढी गार, की चुकून आत शिरलेली माशी शाल मागायची! आटगावची देवकी तिथे भर एप्रिलात स्वेटर घालून बसायची. आणि मुरबाडच्या गोडाउनमध्ये ठेवला होता कंट्रोलर, म्हणजे दोन पडदे जोडलेलं एक खोकं. टेलिफोनच्या तारेवरून तो शहापूरशी बोलणार, पण एका अटीवर. देवकीने कॉम्प्युटरमध्ये मुरबाडचा जो नंबर लिहिलाय, तोच नंबर खोक्यावरच्या आठ चिमुकल्या बटणांनी जुळवायचा. एक बटण जरी चुकलं, तर शहापूरने हाका मारून घसा कोरडा करावा, मुरबाड आपलं ढिम्म.

"पहिली तीन वर. शेवटचं वर. बाकीची खाली. मग खोकं बंद करून चालू करा," देवकी म्हणाली.

"केली. तुमचा आवाज लय गोड आहे हो, शहापूर."

"बटणांकडे लक्ष द्या, मुरबाड."

तिच्या हिरव्या पडद्यावर मुरबाडच्या नावापुढे 'चालू' असं आलं. तिने टाळीच वाजवली, आणि फोनमधूनही टाळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाइन बंद. देवकीने फोन केला. या खेपेला मंगळू जागेवर होता, पण म्हणे, अनंतालाच कळतं.

"तिसरं बटण खाली पडलंय," अनंता म्हणाला.

"कोणी पाडलं?"

"रात्री माळशेजचं धुकं उतरलं होतं. त्याच्या ओझ्याने पडलं असणार."

"एप्रिलात धुकं?"

"आमच्याकडे वाट चुकलेलं धुकं येतं कधी कधी."

तिसऱ्या दिवशी उंदराने पाडलं. चौथ्या दिवशी माकडाने. आणि ते माकड म्हणे नंतर मंगळूच्या खुर्चीत बसून हजेरीवर सही करून गेलं! देवकी हसून हसून बेजार. रोज दहाला लाइन बंद, रोज पाच मिनिटांचं काम, आणि फोन मात्र अर्धा तास. एके दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर पळसाच्या पानात बांधलेली करवंदं आली. वर चिठ्ठी : 'गार खोलीत बसता. थोडं ऊन पाठवलंय.'

देवकीने करवंदं एकटीने खाल्ली. शेजारच्या संगीताला एकसुद्धा दिलं नाही.

"जीभ काळी झालीय गो तुझी," संगीता म्हणाली.

"शाई लागली."

"जिभेला?"

असे पंधरा दिवस गेले. मग देसले साहेब खोलीत आले, आणि त्यांनी खुर्चीसुद्धा घेतली नाही.

"देवकी, शनिवारी मालक येतायत. सकाळी मुरबाडची लाइन आपोआप लागली पाहिजे. नाय लागली तर मुरबाडचं ऑफिस बंद. तिथली माणसं सिल्व्हासाच्या कारखान्यात."

"सगळी?"

"सगळी."

सिल्व्हासा म्हणजे कुठे, किती लांब, तिथे करवंदं असतात का… आणि आपण त्या माणसाचं तोंडही अजून पाहिलेलं नाही!

शुक्रवारी तिने पहिली एसटी धरली. किन्हवली मागे पडलं, सरळगाव आलं, आणि नऊच्या आत ती मुरबाडच्या गोडाउनच्या दारात उभी. ऑफिसात फक्त धाऊ होता, तिथला शिपाई. आंघोळ करून, उदबत्ती लावून तो खोक्यासमोर बसला होता. मनोभावे त्याने अंगठा कुंकवात बुडवला, आणि एकेका बटणावर असा दाबून टेकवला, जसा काय भावाला टिळा लावतोय. पहिलं बटण घट्ट. दुसरं घट्ट. तिसरं जरा ढिलं होतं… टक्! खाली. मग हात जोडून धाऊने खोकं चालू केलं.

"धाऊकाका! हे रोज करता?"

"रोज. यंत्र आहे, बाय. कुंकवाबिगर कसं चालू करायचं?"

मागून कोणाची तरी चप्पल वाजली. देवकी वळली. उंच, सावळा, केसांना जरा जास्तच तेल… आणि हातात दोन कप चहा, एक धाऊचा.

"शहापूर?" तो हळूच म्हणाला.

"मुरबाड." तिने नजर कुंकवावरच ठेवली. "हे तुम्हाला माहीत होतं?"

अनंताने कप खाली ठेवले. "तिसऱ्या दिवसापासून."

"आणि माकड? सही?"

"बटण टिकलं असतं, तर तुमचा फोन आला असता का?"

"उद्या मालक येतायत! लाइन लागली नाही तर तुम्ही सगळे सिल्व्हासाला जाणार. तुम्हाला गंमत सुचते!"

अनंताचा चेहरा उतरला. "हे मला नव्हतं माहीत… शपथ."

देवकीने पदराच्या टोकाने बटण पुसलं, वर केलं, त्यावर चिकटपट्टी लावली. धाऊला खोक्याच्या माथ्यावर कुंकवाची जागा करून दिली. चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत मात्र तो न घेतलेला चहाच आठवत राहिला.

शनिवारी लाइन आपोआप लागली. मालक खूश. सिल्व्हासा टळलं. सोमवारी लागली, मंगळवारी लागली. बुधवारी लाइन एवढी शहाण्यासारखी चालली, की देवकीला तिचा रागच आला. दहा वाजायचे, फोन गप्प. सव्वादहा वाजायचे, फोन गप्प. तिकडचा अपराधी, त्याची फोन करायची छाती नाही. इकडची मानी, तिला कारण नाही.

गुरुवारी मुरबाडला चहाची सुट्टी झाली. देवकीने इकडेतिकडे पाहिलं, आणि आपल्या पडद्यावरून मुरबाडची लाइन बंद केली. मग फोन उचलला.

"शहापूर बोलतेय. लाइन बंद आहे."

"चिकटपट्टी जागेवर आहे," अनंता घाबरून म्हणाला. "तिसरं वर आहे. धाऊकाकाने हातसुद्धा नाय लावला, देवाशपथ!"

"मग माकड असेल."

"माकड नाय हो, खरंच… इकडं सगळं बरोबर आहे. खोट तुमच्याकडं आहे."

"माहीत आहे," देवकी म्हणाली. "मीच बंद केलीय."

तारेतून मुरबाडच्या चिमण्या तेवढ्या ऐकू आल्या.

"मग…" अनंताने घसा खाकरला. "दुरुस्तीला येऊ?"

"रविवारी या. आटगावला, घरी." देवकीने स्वेटरची बाही उगाच ओढली. "आणि येताना आईला घेऊन या."