गुळाबरोबरचं पाणी

एकोणऐंशी सालच्या श्रावणातली दुपार. ऊन आणि पाऊस आळीपाळीने येत-जात होते. कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पद्मजा विहिरीच्या कठड्यावर वाकून हातातली दोरी जपून खाली सोडत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"घागर पडली व्हय? थांबा, गळ आणलाय."

वळून पाहिलं, तर खरोखरच लोखंडी गळ घेऊन एक तरुण उभा. कोपरापर्यंत काजळी... आणि डोळे मात्र आत्ताच धुतल्यासारखे लख्ख.

"घागर नाही, बाटली आहे. पडली नाही, मीच सोडलीय," ती म्हणाली. "प्रयोगशाळेतून आलेय. पाण्याचा नमुना घ्यायला."

"मग गळ उगाच आणला की," तो म्हणाला. पण गेला नाही.

त्याचं नाव कृष्णात. विहिरीला लागून त्याची फौंड्री होती, लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून गेल्या वर्षी त्याने आवारातला सगळा ओघळ विहिरीकडे वळवला होता, वाटेत गाळणीचा खड्डा करून. तेव्हापासून विहीर चैत्रातही आटली नव्हती. शेजारच्या चाळीतली वीस घरं तिचंच पाणी पीत. अलीकडे मात्र त्या पाण्याला वास येऊ लागला होता.

कृष्णातने तिला कारखान्यात नेलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तिने गूळ घेतला. तांब्या हळूच मागे सारला.

"तपासल्याशिवाय नाही पीत मी."

"पावण्यांनी पाणी नाकारलं की आमच्यात रुसत्यात."

"रुसा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

तो मोकळा हसला. परतीच्या बसमध्ये ते हसू दोनदा आठवलं, तेव्हा पद्मजा स्वतःवरच चिडली.

शुक्रवारी ती आली ती गंभीर चेहऱ्याने. विहिरीवर चाळीतली सोनूबाई पाणी भरत होती.

"हे पाणी पिऊ नका, सोनूबाई."

"अन् हीर बंद केल्यावर काय पिऊ, बाई? नदीपतोर कंबर चालंल व्हय माझी?"

पद्मजा तडक फौंड्रीच्या आवारात गेली. तिने कृष्णातकडून गाळणीचा खड्डा उघडून घेतला. वरचे दगड बाजूला सारून मूठभर वाळू उचलली. काळीभोर.

"ही कुठली वाळू?"

"आमचीच की. साचे फोडल्यावर उरती. डोंगर पडलाय नुसता," तो अभिमानाने म्हणाला. "फुकटात गाळणी."

तिने पिशवीतून काचेची दोन नरसाळी काढली. एकात नदीची वाळू भरली, दुसऱ्यात त्याची. पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी दोन्हींत ओतलं आणि खाली भरलेले दोन्ही पेले त्याच्या नाकाशी धरले. दुसऱ्या पेल्याशी तो थबकला. दवाखान्यातल्या फरशीसारखा उग्र वास.

"साचा घट्ट राहावा म्हणून वाळूत जे रसायन घालता ना..." ती हळू म्हणाली.

"म्हंजे... मीच?"

"हो."

"अहवालात काय लिवणार?"

"दिसलं ते. पिण्यासाठी विहीर बंद. कारण... तुमची गाळणी."

तो भांडेल असं तिला वाटलं. त्याने फावडं उचललं.

"लिवा. नावासकट लिवा. तवर मी उपसतो."

तेवढ्यात पावसाची सर आली. पद्मजाने छत्री उघडून पुढे धरली.

"छत्री माझ्यावर धरलीया का खड्ड्यावर?" त्याने खालूनच विचारलं.

"खड्ड्यावर. आणखी झिरपायला नको."

एका छत्रीने तेवढा खड्डा झाकला जात नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मग कृष्णातने काळ्या वाळूचे ढीग सिमेंटच्या ओट्यावर छपराखाली नेले, आवाराचा ओघळ विहिरीपासून तोडला. आता फक्त पत्र्यावरचं पाणी, खडी आणि नदीच्या वाळूतून गाळून, विहिरीत उतरत होतं. विहीर तीनदा उपसली. रोज सकाळी आपल्या टेंपोतून पिंपं भरून शहरातलं पाणी त्याने चाळीत पोचवलं. सोनूबाईची घागर तर तो स्वतः उंबऱ्यापर्यंत नेई.

प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठांनी, गणपतरावांनी, चष्म्यावरून पाहिलं. "नमुना महिन्याला एक, असा नियम आहे. तुम्ही दर आठवड्याला जाता?"

"अचूकतेसाठी," पद्मजा म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती अहवाल घेऊन आली. ओळीने तिसरा नमुना स्वच्छ. सोनूबाईला सांगितलं तर ती नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि पोहरा सोडला. कृष्णातने गूळ आणि तांब्या पुढे ठेवला. पद्मजाने गूळ तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि खाली ठेवला तो रिकामाच.

तो बघतच राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "पाणी पास झालं. आता... माझं काय?"

"एका नमुन्यावर मी मत देत नाही."

"मग रविवारी आईला घिऊन तुमच्या घरी येतो. तिथनं सुरुवात करा."

ती वही पिशवीत ठेवण्यात फारच गुंतली. "या. माझी आई गूळपाणी देईल. नाकारू नका."

"न्हाय बा. तपासल्याबिगर म्या बी पीत न्हाय आता."

"घरचं पाणी तपासून ठेवलंय," पद्मजा म्हणाली. "सोमवारीच."

आणि तो बोटांवर वार मोजायला लागला, तोवर ती फाटकापर्यंत पोचलीसुद्धा होती.