केटल तलावातलं गवत कुणी कापलं?

“गळ अडकत का नाहीये?” ऑस्की ओरडला.

“गळ अडकला नाही म्हणून कुणी रडतं का?” सिग्ना म्हणाली. “गुंडाळ आणि पुन्हा टाक!”

पण ऑस्कीचं म्हणणं खरं होतं. केटल तलावाच्या या कोपऱ्यात गळ तीनदा पाणगवतात अडकायचा आणि चौथ्यांदा वॉलाय मासा लागायचा. सिग्ना आता बारा वर्षांची होती, तिचा भाऊ ऑस्की नऊ. सुट्टीत आजोबांकडे आल्यावर पहिल्याच सकाळी इथे नाव आणायची, हे दरवर्षीचं ठरलेलं. आज मात्र दहा वेळा गळ टाकून झाला होता आणि दहाही वेळा तो धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ परत आला होता. गवत नाही आणि मासाही नाही!

आयनार आजोबांनी इंजिन बंद केलं आणि कडेवरून वाकून पाहिलं. खाली नुसते बोडके दगड होते.

“कापलंय,” ते म्हणाले. “कुणीतरी मुळापासून कापलंय!”

‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी समोरचा काठ विकत घेऊन तिथे पांढरी वाळू ओतणारा बर्डिक! त्याला नातवंडांच्या पायाला गवत लागायला नको होतं. बिनपरवाना गवत कापणं म्हणजे गुन्हा, पण शहरातल्या माणसाला कोण सांगणार?

“शनिवारी दरवर्षीच्या शर्यतीला सगळा गाव जमेल,” आजोबा दात आवळून म्हणाले. “तिथेच विचारतो त्याला! सगळ्यांसमोर!”

आजोबांच्या सहा झोपड्या होत्या. लोक त्या भाड्याने घ्यायचे ते केवळ वॉलायसाठी. यंदा त्यांतल्या तीन रिकाम्या होत्या. मासेच नसतील तर झोपड्या विकाव्या लागतील, असं आजोबा काल रात्री फोनवर कुणाला तरी सांगत होते. ते सिग्नाने ऐकलं होतं. झोपड्या गेल्या तर हे तळं, हा धक्का, ही सुट्टी, सगळंच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती, ऑस्की आणि डेल्फीन असे तिघं बर्डिकच्या काठावर देवदारांच्या मागे दबा धरून बसले. डेल्फीन तेरा वर्षांची, इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या वस्तीतली, तळ्याच्या पलीकडे बाराही महिने राहणारी. सुट्टीपुरत्या येणाऱ्यांना ती ‘पाहुणे’ म्हणायची आणि ते सिग्नाला दरवेळी थोडं लागायचं.

“यंत्र कुठे दिसतंय का?” ऑस्कीने कुजबुजत विचारलं.

“गप्प बस! तुझ्या कुजबुजीने बदकं उडाली!”

यंत्र नव्हतंच. गुडघाभर पाण्यात उभा राहून बर्डिक दाताळ्याने तरंगतं गवत ओढत होता आणि एकटाच शिव्या घालत होता. मग मान न वळवताच तो म्हणाला, “बाहेर या! तिघांचेही पाय दिसतायत!”

“तुम्ही गवत कापता!” ऑस्कीच्या तोंडून निसटलं.

“मी? अरे, मी ते गोळा करून मेटाकुटीला आलोय! रोज सकाळी एवढा ढीग वाहून येतो. कापणारा सापडला तर त्याला माझ्यातर्फेही चार शिव्या घाला. आणि तुमच्या आजोबांना सांगा, त्यांच्या दुकानात माझ्या नावाने खडे फोडणारी जी पाटी लावलीय ना, ती मी वाचलीय!”

डेल्फीनने ढिगातलं मूठभर गवत उचललं, निरखून पाहिलं आणि सिग्नापुढे धरलं.

“पात्याने कापलं तर टोक सरळ येतं. हे बघ, चिरडलंय! कुणीतरी कुरतडलंय हे.”

“म्हणजे माणूस नाहीच?” सिग्ना म्हणाली.

“माणूस आहे की नाही, ते नंतर बघू. आधी दात कुणाचे ते बघू!”

दुपारी सिग्नाने डोळ्यांवर पाण्यातला चष्मा चढवला आणि गवताच्या जुन्या जागी बुडी मारली. तळाचा एक दगड उचलला, तर त्याखाली नांग्या! दुसऱ्याखालीही नांग्या! तिसरा दगड उचलायची तिची छातीच झाली नाही.

मग त्यांनी जाळीचा पिंजरा सोडला. त्यात न्याहारीतून चोरलेली डुकराच्या मांसाची कातडी बांधली होती. सकाळी नावेतून दोर ओढायला तिघांचे हात लागले. पिंजरा गोड्या पाण्यातल्या शेवंडांनी नुसता ठासून भरला होता. बोटभर लांबीचे, तपकिरी शेवंड! इथले शेवंड हात पुढे केला की मागे सटकतात. हे मात्र नांग्या वर करून अंगावर आले.

“आई गं! चावला!” ऑस्की एका पायावर नाचू लागला.

“अंगठा आहे ना जागेवर? मग नाचू नकोस, नाव उलटेल!” डेल्फीन म्हणाली.

प्रत्येक शेवंडाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक गंजाच्या रंगाचा ठिपका होता. रंगात बुडवलेल्या बोटांनी कुणी चिमटीत धरावं, तसे ते ठसे दिसत होते.

डेल्फीनचा लुई मामा वस्तीच्या मत्स्यबीज केंद्रात काम करायचा. त्याने एक शेवंड उलटापालटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे इथले नाहीत. दक्षिणेकडच्या नद्यांतले आहेत. गवत मुळाशी कापतात, वॉलायची अंडी खातात. एवढ्या लांब ते आपल्या पायांनी आलेले नाहीत. कुणीतरी आणून सोडलेत. तेही एकदा नाही, वर्षानुवर्षं.”

“मग आता काढायचे कसे?”

“पिंजरे लावायचे. निघतील तेवढे काढायचे.”

“सगळे निघतील ना?” सिग्नाने विचारलं.

“सगळे कधीच निघत नाहीत, पोरी.”

शुक्रवारी आजोबांच्या दुकानात गिऱ्हाइकाने गांडुळं मागितली, म्हणून सिग्ना मागच्या थंड खोलीत गेली. तिथे पांढरा खोका होता. दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी असायचा तसाच, वर ओलं गोणपाट टाकलेला. आतून खरखर ऐकू येत होती. तिने गोणपाट बाजूला केलं, एक शेवंड उचलला आणि त्याची पाठ पाहिली.

दोन गंजके ठिपके!

इतकी वर्षं हातात धरूनही त्यांची पाठ तिने कधी निरखली नव्हती. शेवंडांची शर्यत! ओल्या फळीवर दोनशे शेवंड पळवायचे, आरडाओरडा करायचा आणि मग प्रत्येक मुलाने हातात एकेक घेऊन धक्क्यावर ओळीने उभं राहायचं. “एक, दोन, तीन, जा घरी!” असं ओरडून सगळ्यांनी ते एकदम पाण्यात सोडायचे. अख्ख्या सुट्टीत तिला त्या क्षणाइतकं दुसरं काहीच आवडत नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, “आजोबा, हे शेवंड तुम्ही कुठून आणता?”

“दक्षिणेतला एकजण पाठवतो. आपले इथले भित्रे, मागे मागे पळतात. त्यांची कसली शर्यत होणार!”

“पण तळ्यावर जिवंत शेवंड आणायला बंदी आहे ना?”

“ती गळाला लावणाऱ्यांसाठी! आपण कुठे गळाला लावतो? आपण तर बिचाऱ्यांना सोडून देतो.”

सिग्नाने बाहेरच्या बादलीतून पिंजऱ्यात सापडलेला शेवंड आणला आणि खोक्यातल्या शेवंडाशेजारी ठेवला. लुई मामा जे बोलला, ते एका दमात सांगून टाकलं. आजोबांनी वाकून दोन्ही शेवंडांच्या पाठी पाहिल्या. मग त्यांनी गोणपाट पुन्हा ओढून घेतलं.

“दिसतात सारखे. म्हणून काय झालं? तो बर्डिक गवत कापतो आणि तुम्ही त्याच्याच नादी लागता! पोरं वर्षभर वाट बघतात. शर्यत होणार!” आणि मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “सोडायचं कुणामुळे सुरू झालं, आठवतं का तुला? आधी आम्ही शर्यत झाली की उकडून खायचो. तू चार वर्षांची होतीस. पातेल्यापाशी उभी राहून असा हंबरडा फोडलास, की अख्ख्या गावाने पातेलं उतरवलं. तुझ्यासाठी!”

त्यांनी ते इतक्या मायेने सांगितलं, की सिग्नाला तिथे उभं राहवेना.

“सांगायचं का सगळ्यांना?” धक्क्यावर तिने डेल्फीनला विचारलं. “बर्डिक सुटेल, पण आजोबांना कोण तोंड वर काढू देईल?”

“आणि नाही सांगितलंस तर उद्या आणखी दोनशे पाण्यात.” डेल्फीनचा आवाज चढला. “या वसंतात मामा वॉलाय टिपायला भाला घेऊन तीनदा नावेत उभा राहिला. तिन्ही वेळा रिकाम्या हाताने आला! आजीला पहिला मासा द्यायचा असतो आमच्यात. काय दिलं असेल आम्ही तिला? तू तुझ्या आजोबांचं बघ, पाहुणे! मी तळ्याचं बघते.”

सिग्नाचे डोळे भरून आले. राग डेल्फीनचा नव्हता. तिचं खरं होतं, याचाच राग होता.

“थांब,” ती नाक पुसत म्हणाली. “जुनं पातेलं नावा ठेवतात त्या छपराखाली आहे. मला माहितीये कुठे ते.”

शनिवारी धक्का माणसांनी फुलून गेला. शर्यत झाली, शिट्ट्या झाल्या, सतरा नंबरचा शेवंड पहिला आला. आजोबांनी सगळे शेवंड टबात गोळा केले.

“चला पिल्लांनो, हात पुढे करा! आणि त्यानंतर मला जरा बर्डिकसाहेबांशी बोलायचंय!”

“आत्ता!” सिग्ना ओरडली.

ऑस्की आणि डेल्फीनने टब दोन्ही कान धरून उचलला आणि धूम ठोकली!

“अरे! अरे! टब! पकडा त्यांना!”

आजोबा पळाले, त्यांच्यामागे दोन काका पळाले, एकजण फळीवरून घसरून पाण्यात पडला! पण छपरामागे पातेल्यातलं पाणी केव्हाचं खळखळत होतं. टब उपडा झाला, झाकण बसलं, आणि झाकणाशी ऑस्की दाताळं घेऊन पहारेकऱ्यासारखा उभा राहिला.

दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी किंचाळली, “त्यांना घरी जायचं होतं! त्यांना घरी जायचं होतं!”

सिग्नाने तो आवाज ओळखला. आठ वर्षांपूर्वी तो तिचाच होता. तरी तिने पिंजरा धक्क्यावर उपडा केला आणि शेजारी कुरतडलेलं गवत टाकलं.

“बघा! हे तळ्यातून काढलेत आणि ते खोक्यातले होते. दोघांच्याही पाठीवर तेच ठिपके आहेत. गवत बर्डिककाकांनी कापलेलं नाही. आपण कापलंय. आठ वर्षं, प्रत्येक सुट्टीत, याच धक्क्यावरून!”

लोक आपापल्या तळहातांकडे पाहू लागले. सगळ्यांनीच कधी ना कधी हात पुढे केला होता. लुई मामा पुढे आला, एक शेवंड उचलून त्याने शेजारच्याच्या हातात दिला, आणि तो हातोहात फिरत आजोबांपर्यंत पोचला. आजोबा उलट्या बादलीवर बसले.

“आता माफी कोण मागणार?” बर्डिक म्हणाला. गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

“मी,” आजोबा म्हणाले, आणि सगळ्या गावासमोर उठून उभे राहिले.

सोमवारी मत्स्य खात्याच्या प्रोकॉपबाई आल्या. त्यांनी तिघांना माशाचा बिल्ला लावलेल्या टोप्या दिल्या, फोटो काढला आणि म्हणाल्या, “शाबास! आम्हाला जे तीन वर्षांत उमगलं नाही, ते तुम्ही सहा दिवसांत शोधलंत! प्रत्येक तळ्याला अशी मुलं मिळायला हवीत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी वही उघडली. “शेवंड तळ्यात सोडायला कुणी सुरुवात केली?”

सिग्नाने तोंड उघडलं, पण आजोबा आधी बोलले. “मी. लिहा, आयनार हाल्वर्सन.”

“खोटं आहे!” सिग्ना म्हणाली. “मी रडले म्हणून सोडले ते. माझं नाव लिहा!”

“किती वर्षांची होतीस तेव्हा?”

“चार.”

बाई हसल्या. “चार वर्षांच्या मुलांचं कुणी लिहीत नाही, बाळ.” आणि त्यांनी खरंच लिहिलं नाही.

संध्याकाळी आजोबांनी नाव काढली. डेल्फीनही आली, पण टोपी घालून आली नाही. चौघांनी मिळून सात पिंजरे उपसले. सातही भरलेले होते. रिकामे करून ते पुन्हा पाण्यात सोडले. जुन्या कोपऱ्यात आल्यावर ऑस्कीने सवयीने गळ टाकला, गुंडाळला, पुन्हा टाकला.

“अजून अडकत नाहीये,” तो म्हणाला.

या वेळी त्याला कुणी पुन्हा टाक म्हणालं नाही.