तांबटाची साक्ष

दुपारी दोन वाजता मोहटोल्याच्या शाळेत स्पीकरमधून पाच बायका गाऊ लागल्या आणि निहारा खुदकन हसली. आवाज बायकांचे वाटतच नव्हते. दुसरीतल्या मुली दम न घेता पाढे म्हणतात तसे ते चिरके आणि घाईचे होते.

शेजारी बसलेले आबा हसले नाहीत. निहाराचे हे आजोबा, सुदाम कापगते, आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवून गावी परतले होते. हे गाणं १९६८ सालच्या एका ध्वनिफितीवरचं. हंगेरीहून आलेल्या एका अभ्यासकानं मोहाची फुलं वेचताना गाणाऱ्या बायकांचं गाणं याच गावात टिपलं होतं. त्या पाचजणींत आबांची माय, कौतिका, होती असं जुनी माणसं सांगत. आबा पाच वर्षांचे असताना ती वारली. तिचा एक फोटो घरात होता. आवाज कुठेच नव्हता.

हंगेरीतल्या संग्रहालयात फितीचे वेढे एकमेकांना चिकटून बसले होते. ओढून उलगडली असती, तर फितीचं सालपट निघून त्याबरोबर आवाजही गेला असता. तेव्हा जपानमधली एक प्रयोगशाळा आपलं नवं यंत्र घेऊन मदतीला आली. फितीवर बारीक चुंबकीय कण असतात. आवाज टिपताना ते एकेका दिशेला तोंड करून बसतात. हे यंत्र क्ष-किरणांच्या (वस्तूच्या आरपार जाणाऱ्या किरणांच्या) मदतीनं, फीत न उलगडता, त्यांच्या दिशा वाचतं. तिघांत ठरलं होतं: फीत हंगेरीनं जपायची, वाचायची जपाननं, आणि पहिल्यांदा ऐकायचं गावानं.

"पण आबा, या एवढ्या घाईत काहून गातात?"

"त्या नाही घाईत, पोरी. टेपरेकॉर्डर थकला होता. सेल उतरले की फीत हळू सरकते. असं समज, तू दर सेकंदाला कागदाच्या पट्टीवर एक ठिपका देते आहेस, आणि मी पट्टी हळूहळू ओढतो आहे. ठिपके कसे पडतील?"

"दाटीवाटीनं."

"तीच पट्टी मग नेहमीच्या वेगानं ओढली, तर ठिपके भराभर येतात. आवाजाचंही तसंच. त्याची कंपनसंख्या (हवा एका सेकंदात जितक्या वेळा थरथरते तो आकडा) वाढली की आवाज उंच होतो, चिरका होतो."

"मग वेग कमी करा ना."

"किती कमी करू? तेच तर कोणाला ठाऊक नाही."

आबांनी वेगाचं बटण फिरवायला सुरुवात केली. मुलींच्या बाया झाल्या. बटण आणखी थोडं फिरलं. एक भारदस्त, उबदार आवाज वर आला आणि आबांनी डोळे मिटले.

"हीच," ते म्हणाले.

पडद्यावर हंगेरीतल्या संग्रहालयाची इल्दिको होती. फीत जपण्याचं काम तिचं. तिचं बोलणं भाषांतर-यंत्र मराठीत करत होतं. "आदरणीय सुदाम महोदय, क्षमा असावी. हा वेग आपण कशाच्या आधारे निश्चित केलात?"

"लग्नपत्रिकेसारखी बोलते ही," निहारा कुजबुजली.

"भाषा यंत्राची आहे. प्रश्न तिचा आहे." आबा पडद्याकडे वळले. "आधार काही नाही. बरा वाटला."

"मग तशी नोंद करता येणार नाही. आपण चुकलो, तर पुढची शंभर वर्षं सगळे चुकीचीच बाई ऐकतील. आपल्या मनासारखं आपण घरी ऐका, महोदय. मी कुणाला सांगणार नाही."

आबा कसनुसं हसले. बटणावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

निहारा गाणं पुन्हा ऐकत होती. गाण्याच्या मागे काहीतरी वाजत होतं. धुप्, धुप्, धुप्. "आबा, हा तांबट तर नाही? पण इतका ढब्बू आवाजाचा तांबट कुठे असतो?"

आबांनी कान टवकारले.

"कोणता तांबट?" इल्दिकोनं विचारलं. तांबट म्हणजे भांडी ठोकणाऱ्या कारागिरासारखा 'टुक् टुक्' करणारा हिरवा पक्षी, हे आबांनी सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे हा पक्षी नाही. आम्ही तो पाण्याचा पंप समजलो होतो. उद्या तो आवाज पुसून टाकणार होतो."

"मग खरा तांबट एका मिनिटात किती टुक् करतो ते मोजू, म्हणजे वेग कळेल," निहारा म्हणाली.

"ते नको. कधी तो रमतगमत बोलतो, कधी भराभर. पण त्याची पट्टी (आवाजाची उंची) त्याच्या शरीराच्या घडणीवर ठरते. ती फारशी बदलत नाही."

"फारशी म्हणजे?"

"म्हणजे एकट्या पक्ष्यावर भरवसा नको. पुष्कळांची सरासरी काढू."

आठवडाभर निहाराचा वर्ग मोबाइल घेऊन झाडांखाली उभा राहिला. तांबट नेपाळात आणि श्रीलंकेतही आहे. तिथल्या शाळांनीही आवाज पाठवले. सगळे जवळपास एकाच पट्टीत निघाले. फितीतला तांबट त्या पट्टीत येईपर्यंत आबांनी बटण फिरवलं. या वेळी डोळे उघडे ठेवून.

आबांना आवडलेला आवाज गेला. त्याच्या जागी बारीक, जरा धापा टाकणारे गळे आले. मधेच कोणीतरी हसलं, ओळ सुटली, दुसरीनं उचलली.

"एवढी कोवळी?" आबा म्हणाले. त्यांनी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग म्हणाले, "तेवीस वर्षांची होती माय. मीच तिला माझ्यासोबत म्हातारी करत आणलं."

निहारानं त्यांचा हात धरला. "यातली कोणती, आबा?"

"नाही ओळखू येत."

गाणं संपलं की त्या अभ्यासकानं प्रत्येकीला आपलं नाव सांगायला लावलं होतं. नावांचा भाग फितीच्या सगळ्यात आतल्या, सगळ्यात घट्ट चिकटलेल्या वेढ्यांत आहे. तो जपानमध्ये अजून वाचला जातो आहे. दरम्यान इल्दिकोनं कपाटातल्या दुसऱ्या फितीही बाहेर काढल्या आहेत. कुठे मागे घंटा वाजते, कुठे कोकीळ ओरडतो. आता ती कुठलाच आवाज पुसून टाकत नाही. आधी त्या त्या देशातल्या मुलांना ऐकवते.

आज संध्याकाळी जपानहून कळलेलं शेवटचं वर्तमान असं: तीन नावं वाचून झाली. भागरता, सयत्रा, पार्बता. चौथं नाव यंत्राखाली आहे.