एकतीस फॉर्म, एक नंबर

तीर्थपुरीच्या स्टँडसमोरच्या ऑनलाईन सेंटरात रेणुका शिरली ती फक्त दोन झेरॉक्स काढायला. तिच्या गावची, कुंभार पिंपळगावची बस सुटायला बारा मिनिटं होती. बारा मिनिटांत कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं असणार. बिचारीला काय माहीत!

काउंटरमागे निळ्या शर्टातला एक तरुण झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून आत अडकलेला कागद ओढत होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. नाकावर शाईचा काळा ठिपका. रेणुकाला तो ठिपका सांगावासा वाटला, पण ओळख ना पाळख, सांगायचं कसं? तेवढ्यात त्याचा मोबाईल टुंग करून वाजला. मग पुन्हा टुंग. मग लागोपाठ तीनदा.

"फोन वाजतोय तुमचा," ती म्हणाली.

"वाजू द्या. ओटीपी हायेत," तो मशीनमधूनच बोलला.

"एकदम पाच?"

तो काही बोलायच्या आत दारातून प्रीती धापा टाकत आली. प्रीती म्हणजे रेणुका शिकवायची त्या बारावी सायन्सची पोरगी. गणितात हुशार आणि खो-खोत शाळेची कॅप्टन, त्यामुळे पळत यायचं काम तिच्याकडेच.

"करणदादा, ओटीपी सांग जल्दी! शाळेत फॉर्म तपासून राह्यलो आम्ही, आन्... अगंबाई, मॅडम! तुम्ही इथं?"

रेणुकाने एकदा प्रीतीकडे पाहिलं, एकदा त्या टुंगटुंगणाऱ्या फोनकडे. तिच्या वर्गाच्या सीईटीच्या फॉर्मचे ओटीपी, आणि ते येतायत झेरॉक्सवाल्याच्या फोनवर?

"प्रीती, तुझ्या फॉर्मवर यांचा नंबर आहे?"

"सगळ्यांच्याच हाय ना मॅडम."

सगळ्यांच्याच! रेणुकाने पर्स काउंटरवर आपटली. शाळेत ती फार शुद्ध बोलायची, पण राग आला की पिंपळगाव बाहेर पडायचं. "अहो, एकतीस लेकरांच्या फॉर्मवर तुमचा एकट्याचा नंबर? काही अक्कल हाय का न्हाई?"

"बत्तीस असते," करण शांतपणे म्हणाला. "एकानं फॉर्मच न्हाई भरला."

"आणि तुमचा फोन उद्या विहिरीत पडला तर?"

"मी विहिरीजवळ जातच न्हाई मॅडम. पवता येत न्हाई मला."

प्रीती फिसकन हसली. रेणुकाला हसू आलं नाही, म्हणजे आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं. मग करणने कागद सोडला आणि सरळ उभा राहिला. "मागल्या साली एका पोराच्या बापानं ऑफरपायी सिम बदललं. कॉलेज लागल्याचा मेसेज गेला बंद सिमवर. सीट गेली पोराची. पोरगं माझ्यासमोर इथं, या स्टुलावर बसून रडलं. माझा नंबर आठ वर्षं झाले, बदललेला न्हाई. म्हणून टाकला. चुकलं का?"

चुकलं होतं, यात शंका नाही. पण असं चुकणाऱ्या माणसाला रागवावं कसं, हे बी.एड.ला शिकवलं नव्हतं. रेणुका नुसतीच म्हणाली, "एकेकाचा नंबर बदलून द्यायचा. मी यादी आणते. आणि... नाकाला शाई लागलीय तुमच्या."

बस केव्हाच गेली होती.

रेणुका तासिका तत्त्वावर गणित शिकवायची, पण तासाच्या बाहेरच तिचं काम जास्त. विज्ञान प्रदर्शन असो की स्कॉलरशिपचा अर्ज, पोरं तिच्याच मागे. त्या वर्षी तिने डोक्यात घेतलं होतं की आपल्या बॅचमधली चार पोरं तरी सरकारी इंजिनिअरिंगला जायलाच पाहिजेत. दर रविवारी ती सराव पेपर घ्यायची. यादी घेऊन ती दुसऱ्यांदा सेंटरात आली, तेव्हा करणने तो पेपर उलटसुलट करून पाहिला.

"पेपर भारी हाय मॅडम. पण परीक्षा तर कॉम्प्युटरवर असती."

"माहितीय."

"या लेकरांनी माऊस धरलाय का कधी?"

हे रेणुकाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेत तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम हेडसरांच्या पत्रात गुंतलेला.

"माझ्याकडं सहा मशिनी हायेत," करण म्हणाला. "रविवारी सकाळी गिऱ्हाईक नसतं."

पहिल्या रविवारी प्रीतीने माऊस टेबलावरून उचलला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे धरला. बाकीची पोरं खो-खो हसली. करण हसला नाही. त्याने माऊस हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्याला उचलायचं न्हाई, टेबलावरच फिरवायचं. बराबर! आता दाब." ते बघता बघता रेणुका हजेरी घ्यायचीच विसरली. भूक असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सकाळीच चांगल्या दोन भाकरी खाऊन आली होती, तरीसुद्धा.

मग काय, रविवारची सवयच झाली. करण घरच्या बागेतली मोसंबी पिशवीभर आणायचा. पोरांना अर्धी-अर्धी, आणि मॅडमच्या टेबलावर एक अख्खी, सोललेली. पोरांच्या नजरेतून असलं काही सुटतंय होय!

नंबर बदलायचं कामही चालू होतं, पण इतकं सावकाश की विचारू नका. दिवसाला एक फॉर्म. शाळेत लॉगिन करायचं, करणला फोन लावायचा आणि ओटीपी विचारायचा. सहा आकडे सांगायला किती वेळ लागतो? या माणसाला चार मिनिटं लागायची.

"सांगा."

"सात... जेवल्या का मॅडम?"

"हो. पुढं?"

"दोन... काय होतं भाजीला?"

"शेपू. अहो, पुढचा आकडा!"

"मला न्हाई आवडत शेपू. नऊ..."

"ओटीपी संपेल ना!"

"संपला तर दुसरा मागवू. आपल्याला काय खर्चा हाय का?"

ती चिडायची, फोन ठेवायची आणि पाच मिनिटं त्या फोनकडे बघत बसायची. एकदा तर गंमतच झाली. करणने सगळे आकडे एका दमात सांगून टाकले, गिऱ्हाईक होतं समोर. आणि रेणुकाला चक्क राग आला.

परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला आणि प्रीतीने कमालच केली. पुढे पसंतीक्रम भरले आणि जुलैत तिला संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची सीट लागली. ज्या पोरीने माऊस रिमोटसारखा धरला होता, तिला! तोवर तीस फॉर्मांवरचे नंबर बदलून झाले होते. राहिला होता एकट्या प्रीतीचा. तिच्या घरात फोन एकच, आणि तो वडलांबरोबर, संपतबरोबर, बांधकामावर जायचा. म्हणून तिचा नंबर करणचाच राहू दिला. रेणुकाला मनातून बरं वाटलं होतं. प्रीतीची अॅडमिशन झाली की करणला फोन करायला निमित्तच उरणार नव्हतं. आणि नुसतंच, उगाच, त्याला फोन करायचा... छे! मॅडम ना ती!

पण प्रीतीच्या घरी वेगळंच चाललं होतं. पोरीला एवढ्या लांब, होस्टेलवर ठेवायचं का? संपत चार दिवस नुसता विचार करत राहिला. सीट स्वीकारायची शेवटची तारीख उजाडली. मुदत दुपारी तीनपर्यंत. दोन वाजता संपत स्वतः पोरीला घेऊन शाळेत आला आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या तिला. आम्ही तिचे मायबाप हाव, अडवायला थोडंच बसलो?"

रेणुकाने धावत जाऊन कॉम्प्युटर लावला. प्रीती शेजारी बसली, नखं खात. लॉगिन. ओटीपी पाठवला. करणला फोन.

"हॅलो..." आवाज दबका. मागून कुणी बाई म्हणत होती, "घ्या ना पोहे, लाजून का राह्यले?"

"ओटीपी सांगा. कुठं आहात तुम्ही?"

"केदारखेड्याला... पाव्हण्यांकडं. आईनं आणलं. चार, शून्य, आठ, आठ, एक, पाच."

एका दमात. 'जेवल्या का' नाही, 'भाजी काय' नाही. पोहे, पाहुणे, दबका आवाज... रेणुकाला समजायला गणिताची पदवी लागणार नव्हती. करण मुलगी बघायला गेला होता.

तिने सहाही आकडे टाकले. आपलं या माणसावर प्रेम आहे हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तेव्हाच ते हातातून चाललेलंही दिसलं. पण पडद्यावर चक्र फिरत होतं आणि शेजारी एक पोर रडकुंडीला आली होती.

"मॅडम, साईट अडकली!"

पुन्हा ओटीपी. पुन्हा फोन. या वेळी मागून साखराबाईंचा, करणच्या आईचा, आवाज स्पष्ट आला. "कुणाचा फोन हाय रे सारखा सारखा?" तिसऱ्या वेळी आवाज तुटायला लागला. चौथ्या वेळी करण म्हणाला, "थांबा मॅडम, गच्चीवर चढतो," आणि जिन्यावरची धडधड ऐकू आली. खाली कुणीतरी विचारत होतं, पाव्हणे कुठं चालले म्हणून. पाचव्या वेळी दोन वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"मॅडम, सावकाश टाका. मी फोन ठेवत न्हाई. नऊ... आला का? तीन... पुन्हा तीन. शून्य. सहा... घाबरू नका, मी हाय. दोन."

पडदा हिरवा झाला. सीट स्वीकारली! प्रीती किंचाळून रेणुकाच्या गळ्यातच पडली, संपतने दोन्ही हात जोडले. रेणुकाचेही डोळे भरले, आणि सगळ्यांना वाटलं मॅडमना पोरीचं किती कौतुक.

"झालं का मॅडम?" फोनमधून करण विचारत होता.

"झालं. अभिनंदन तुमचं."

"माझं? कशाचं?"

"दोन्हीचं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आठ दिवस गेले. फोन नाही, ओटीपी नाही. बसने जाताना ती सेंटरकडे बघायची नाही, म्हणजे खिडकीची जागा सोडून मधली घ्यायची. इतकं ठरवून न बघणं म्हणजे बघण्याहून जास्त झालं, पण तिला कोण सांगणार?

नवव्या दिवशी प्रीती पेढे घेऊन आली. होस्टेल मिळालं होतं. एक पेढा देऊन झाल्यावर ती घुटमळत राहिली.

"मॅडम, करणदादाचं फिस्कटलं."

"काय?" रेणुकाचा पेढा अर्ध्यातच थांबला.

"पोरीचा मामा म्हणला, बघायच्या टायमाला पाच-पाच फोन, वरून पोरगा गच्चीवर पळतो, याचं कुठंतरी जुळलेलं दिसतंय. साखरामावशी माझ्या आईला सांगत होत्या. त्यांनी घरी आल्यावर दादाला विचारलं, कोण रे ती? दादा म्हणला, गणिताच्या मॅडम. मावशी म्हणल्या, नुसत्या गणिताच्या?"

"मग?"

"मंग काय, दादा मोसंबी सोलाय लागला." प्रीती डोळे मिचकावून पळाली. पळण्यात तिचा हात कोण धरणार!

त्या संध्याकाळी रेणुका सेंटरात शिरली. बाहेर भुरभुर चालू होती, ओढणीच्या टोकावर थेंब होते. करण एकटाच होता. तिला बघून तो उठला, मग बसला, मग पुन्हा उठला.

"शिक्षक भरतीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय," ती म्हणाली. "परवा शेवटची तारीख आहे."

खरं तर हा फॉर्म ती घरी बसून दहा मिनिटांत भरू शकली असती. हे त्यालाही माहीत होतं. तो टाइप करू लागला. नाव, गाव, पदवी. पत्ता त्याने विचारलाच नाही, पाठच होता.

"मोबाईल नंबर?"

रेणुकाने टेबलावरची मोसंबी हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली. "तुमचाच टाका."

त्याची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. "मॅडम... याच्यापायी तुम्ही मला तीन महिने झापलं."

"ते लेकरांचे फॉर्म होते. हा माझा आहे."

"आन् माझा फोन विहिरीत पडला तर?"

"तुम्ही विहिरीजवळ जातच न्हाई ना?" शुद्ध बोलायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. "मला तुम्ही आवडता, करण. केदारखेड्याचे पोहे ऐकले आन् जीव नुसता... जाऊ द्या. टाका नंबर."

करणने नंबर टाकला. फोन टुंग वाजला. त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला, फोन उचलला आणि तिच्याकडे बघत बघत वाचू लागला.

"पाच... मी पोहे खाल्लेच न्हाई मॅडम."

"रेणुका म्हणा."

"एक... रेणुका. सात... गच्चीवर चढलो तवा वाटलं, खाली उतरूच नये. शून्य... आठ."

ती टाइप करत होती. पाच आकडे झाले. तो थांबला.

"सहावा?"

करणने फोन पालथा ठेवला. "सहावा असा न्हाई सांगणार. आईला घेऊन पिंपळगावला येतो, तुमच्या घरी, तवाच सांगतो."

"अहो, ओटीपी संपेल!"

"दुसरा मागवू."

"फॉर्मची मुदत परवापर्यंतच आहे हं," रेणुका म्हणाली.

"मंग उद्याच येतो," करण म्हणाला.